आकडीतली कोयती, खिशातला चाकू: सहा महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

५ डिसेंबर

भाचा मुंबईहून आला तो माझ्यासाठी एक लाल घडीचा चाकू घेऊन. मोठं पातं, लहान पातं, कात्री, करवत, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, आरी, बुचाचा स्क्रू, एक हूक, चिमटा आणि दात कोरायची काडी. मिटल्यावर लांबी ९१ मिमी. "मामा, आता ती हत्यारांची पिशवी घरी ठेव," म्हणाला.

मी वायरमन. मोटारी, स्टार्टर, घरगुती फिटिंग ही कामं, शिवाय सिंधुदुर्गात आचऱ्याजवळ घरचं परडं आणि थोडी आंब्याची झाडं. पिशवी घरी ठेवली तर पोट कसं भरणार? पण रोज खिशात बाळगण्याच्या लायकीचा हा चाकू आहे की नुसता दाखवायचा, हे मोजून बघायचं ठरवलं. मृग लागेपर्यंत रोज खिशात. प्रत्येक वापराला डायरीत एक रेघ आणि शेजारी कुठला भाग वापरला ते. मुद्दाम काम शोधून काढायचं नाही. ज्या कामाला योग्य हत्यार हाताशीच आहे तिथे हा काढायचा नाही.

भुसाऱ्याच्या काट्यावर वजनं केली. चाकू ९७ ग्रॅम, अण्णांची कोयती ४३५, माझी पिशवी २ किलो १००. भुसारी म्हणाला, तीन वस्तू आणल्यास आणि घेतलं काहीच नाहीस.

अण्णांनी चाकू उघडून पाहिला, नखाने पात्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "ह्येच्यान चुडात तरी तुटतला काय?"

चुडात म्हणजे माडाची झावळ. नाही तुटत. मान्य.

९ डिसेंबर

चार दिवसांत १७ रेघा. मोठ्या पात्याच्या फक्त तीन, त्यातल्या दोन कुरिअरच्या खोक्यावरच्या चिकटपट्टीसाठी. हे अपेक्षित नव्हतं. चाकू म्हणून आणलेल्या वस्तूचा चाकूच कमी वापरात.

एक अडचण लगेच कळली. घरी असतो तेव्हा मी लुंगीत, आणि लुंगीला खिसा नसतो. रविवारी चाकू खुंटीवरच्या पँटमध्ये राहिला, दिवसभरात एक रेघ नाही. "रोज जवळ बाळगायचा" असं म्हणणाऱ्यांनी आधी पँट घातलेली असते. अण्णांची सोय शंभर वर्षं जुनी आहे. कमरेला पट्टा, मागे आकडी, तिच्यात कोयती. दोन्ही हात मोकळे, माडावर चढतानाही हत्यार पाठीशी. बसायचं झालं की कोयती काढून बाजूला ठेवायची, एवढीच कसरत.

संध्याकाळी चाकूच्या कडीत सुतळी ओवून तो करगोट्याला बांधून पाहिला. चालतो, पण पोटाला गार लागतो. बायकोने एकच नजर टाकली आणि आत गेली.

१६ डिसेंबर

चिमटा. हा एक भाग वेगळा विकत मिळाला तरी मी घेईन.

वईला, म्हणजे कुंपणाला, नवीन बांबू घालताना तर्जनीत कूस गेली. नखाने काढायला गेलो तर अर्धी तुटून आत. घरी असतो तर काकीने सुई तापवून उकरलं असतं आणि त्या जागी आठवडाभर ठणका लागला असता. चाकूच्या कडेतून चिमटा ओढला. टोक तिरकं आणि सपाट असल्यामुळे कुसेचं टोक कातडीच्या पातळीवर धरता आलं. एका ओढीत बाहेर. त्याच दिवशी वासराच्या कानातल्या दोन गोचिड्या, मुळाशी धरून. नंतर चिमटा उकळत्या पाण्यात.

२७ डिसेंबर

काल गावच्या जत्रेत दशावतार. रात्री साडेबाराच्या सुमाराला, संकासुर नाचून गेल्यानंतर, पेटीची एक काळी पट्टी खाली दबली ती वर येईना. सूर अखंड लागून राहिलेला. पेटीवाले हाताने पट्टी उचलत होते, पुन्हा दाबली की पुन्हा तेच. मंडळाच्या पेटाऱ्यात रंग, तलवारी, मुकुट सगळं होतं, स्क्रू ड्रायव्हर नव्हता. माझी पिशवी घरी, तीन किलोमीटरवर.

चाकूत चौफुली स्क्रूचा वेगळा भाग नाही, म्हणून मी पहिल्यांदा गप्प बसलो. मग आठवलं की डबा फोडायच्या भागाचं जे बारीक चपटं टोक आहे ते छोट्या चौफुली खाचेतही बसतं. झाकणाचे चार स्क्रू त्यानेच निघाले. पट्टीच्या कडेला अबीर आणि घाम यांचा कडक झालेला गोळा अडकला होता, तांदळाएवढा. दात कोरायच्या काडीने सुटा केला, चिमट्याने उचलला. काडी प्लॅस्टिकची म्हणून लाकडाला ओरखडा नाही. झाकण लावून पेटी परत दिली तेव्हा विष्णू आत येऊन आपल्या प्रवेशाची वाट बघत उभा होता, मुकुट काखेत.

डायरीत तीन रेघा. पण हे काम "हत्यार आणून मग करू" प्रकारातलं नव्हतं. हत्यार आणेपर्यंत नाटक एका सुरावर चाललं असतं.

११ जानेवारी

सकाळी चाकू उघडेना. मोठं पातं नखाने ओढलं तर अर्ध्यावर अडकलं, कात्री तर जागची हलेना. गेल्या आठवड्यात मीच सांध्यांत खोबरेल सोडलं होतं, घरात तेच होतं म्हणून. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं आणि आमच्याकडे जानेवारीत पहाटे तेवढी थंडी पडते. बाटलीतलं तेल घट्ट झालं की आपण ती उन्हात ठेवतो. चाकूतही तेलच थिजलंय, हे समजायला मला दहा मिनिटं लागली.

खोबरेलाची दुसरी खोड अशी की काही महिन्यांनी ते खवट होतं, धूळ धरतं आणि सांध्यात चिकटा बनतो. गरम पाणी, भांड्याचा साबण, सगळे भाग पाण्यातच वीस-वीस वेळा उघडमीट, मग फडक्याने पुसून उन्हात. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. ते खनिज तेल, थिजत नाही की खवट होत नाही. त्या पात्याने फळ कापायचं असेल तर आधी पुसून घ्यायचं.

२५ जानेवारी

आज काम नव्हतं, म्हणून या वस्तूचा जन्म कशातून झाला ते वाचत बसलो.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख या गावी आपला चाकूंचा कारखाना सुरू केला. स्विस सैन्याने १८८९ मध्ये नवीन रायफल घेतली. ती सोडवायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा, आणि शिपायाला डबाबंद अन्न उघडायला काहीतरी हवं होतं. दोन्ही एकाच घडीत बसवायचं ठरलं. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनहून आला, १८९१ पासून एल्सनर पुरवू लागले. १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू नोंदवला. त्यात एकच स्प्रिंग पाठीच्या दोन्ही बाजूंचे भाग धरते. माझ्या चाकूत आजही तेच आहे. आरी उघडली की तिच्या पाठच्या पात्यालाही तीच पट्टी ताण देते, कान लावला तर कळतं. आई व्हिक्टोरिया वारल्यावर तिचं नाव मालाला दिलं, आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं फ्रेंच नाव "इनॉक्स" जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

म्हणजे मुळात हा चाकू एका स्क्रूपायी आला. माझ्या डायरीतही आजवरच्या १४३ रेघांपैकी स्क्रू फिरवण्याच्या ४८, कात्रीच्या ३७, चिमट्याच्या १९ आणि मोठ्या पात्याच्या २२. उरलेल्या किरकोळ. करवत एकदाच, तीही भाच्याला दाखवायला.

बुचाच्या स्क्रूला मी हसलो होतो. वाईनची बाटली आमच्या वाडीत कोण उघडतोय? पण ओली होऊन आवळलेली नायलॉनची गाठ सोडवायला त्याच्यासारखं काही नाही. टोक गाठीत शिरवायचं, अर्धा पीळ द्यायचा, ओढायचं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या दिवशी चार जणांनी मागून नेला. कापला तर दोर तोकडा होतो, सुटला तर पुन्हा कामाचा.

८ फेब्रुवारी

यात्रेचे दिवस. चाकू घरी ठेवला. गर्दीत, पोलीस बंदोबस्तात खिशातून चाकू निघाला तर "स्क्रू फिरवायला आहे" हे समजावत कोण बसणार?

कायद्यात पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्र नियमांत येतं, मात्र घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. माझ्या चाकूचं पातं पुरतं ७ सेंमीही नाही. अण्णांची कोयती सव्वादोन इंच रुंद आहे, पण ती शेतीची म्हणून सुटते. शिवाय आकडीतली कोयती बघून इकडे कुणी दचकत नाही. तीच माणसं खिशातून पातं उघडलेलं पाहिलं की अर्धं पाऊल मागे सरतात. बँकेच्या रांगेत पावती कापायला मी कात्री काढली, पातं नाही, तरी पुढच्या बाई वळून बघत राहिल्या. तेव्हापासून चारचौघांत आधी कात्री उघडायची आणि मग हात वर आणायचा अशी सवय लावली आहे.

२२ फेब्रुवारी

नुकसान झालं, आणि दोष माझाच.

ओहोटीला खाडीत काकीबरोबर कालवांना गेलो. तिच्याकडे तिचं टोकदार लोखंडी हत्यार. मी शहाणपणा करून खिशातला चाकू काढला, मोठं पातं शिंपल्याच्या फटीत घातलं आणि पिळलं. दोन निघाली. तिसऱ्याला टोक वाकलं, साधारण दीड मिलिमीटर, आणि त्याच झटक्यात पातं मिटायला लागलं. बोट वाचलं ते केवळ हातमोज्यामुळे. या चाकूला पातं उघडं ठेवणारी कळ नाही, नुसता स्प्रिंगचा दाब आहे. कापताना दाब धारेकडून येतो तोवर ठीक. पाठीवर दाब आला, खुपसलं किंवा पिळलं की तो मिटणारच.

काकी म्हणाली, "गरज नाय थंय तुझो चाकू आणि गरज आसा थंय तू."

टोक घरी घासून सरळ केलं. पातं आता किंचित आखूड आहे. धारेला लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचा तळ वापरतो, जिथे चकाकी चढलेली नसते ती खरखरीत कड. पोलाद फार कडक नाही, त्यामुळे धार लवकर जाते पण दहा-बारा घासांत परत येते. कोयतीचं गणित उलटं. ट्रकच्या पाट्याचं पोलाद, एकदा लोहाराकडून पाजवून आणली की हंगाम काढते.

१८ मार्च

आंबा सुरू. झाडावरून काढायला झेलाच, त्यात चाकूचा संबंध नाही. पण खळ्यात बसून देठ सारखे करताना कात्री बरी पडेल असं वाटलं. देठाचा थोडा तुकडा फळाला राहायला हवा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो.

पहिली साठेक फळं झकास. मग कात्री मिटली की उघडेना. चिकाने दोन्ही पाती एकमेकांना चिकटवली होती आणि तिची ती चिमुकली पट्टीची स्प्रिंग चिकात रुतलेली. इथे मात्र खोबरेल कामाला आलं. फणस कापताना हाताला आणि विळीला तेल लावतात तसंच. अर्धा तास भिजवून मग पुसली. बाकीची फळं नेहमीच्या कात्रीने.

रोज जवळ असणं वेगळं आणि दिवसभर राबणं वेगळं. शंभर वेळा करायचं काम दिसलं की चाकू मिटायचा.

५ एप्रिल

दुसरा उमेदवार. पक्कडवाला, बिननावाचा, बाजारातून आणला. दुमडल्यावर हाताच्या तळव्याएवढा, वजन २३८ ग्रॅम. मधोमध पक्कड आणि मुठींमध्ये बाकी सगळं.

या जातीची सुरुवात अमेरिकेतल्या टिम लेदरमन यांच्याकडून. १९७५ मध्ये जुन्या फियाटने युरोप फिरताना गाडी आणि हॉटेलांतले गळके नळ यांनी ते हैराण झाले. खिशातल्या चाकूला पक्कड असती तर, हा त्यांचा प्रश्न. बाजारात माल यायला १९८३ उजाडलं. नळवाल्या माणसाची ही गोष्ट मला लगेच पटली, कारण गेल्या चार महिन्यांत लाल चाकू जिथे जिथे हरला ती बहुतेक ठिकाणं पकडीची होती. फूटव्हॉल्वची चाप, स्टार्टरमधला गंजलेला नट, गॅसच्या नळीची क्लिप, तार पिळणं.

विहिरीवर मोटारीचा जोड गळत होता, पक्कडवाल्याने आवळला. पिशवी वर पायरीवर होती, पण मी खाली कपारीत एका पायावर. तिथे त्याने बाजी मारली.

खिशात मात्र तो नको. अर्ध्या दिवसात पँट एका बाजूने खाली येते, आणि स्कूटरवर बसलं की मांडीत रुततो.

चालू लाईनवर दोन्ही बाद, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पक्कडवाला उघडाच लोखंडी. लाल चाकूचं प्लॅस्टिक बघून फसू नये. स्क्रू फिरवताना बोट कडेच्या पत्र्याला लागतंच, आणि तो पत्रा टोकाशी जोडलेला आहे. वायर सोलायची खाच आहे म्हणून कुणी मेन स्विच न पाडता सोलायला जाईल. स्विच पाडायचा, टेस्टरने बघायचं, मगच हात घालायचा.

२ मे

बंगळूरला जायचं होतं विमानाने. सामान आत गेल्यावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत खिसा चाचपला. केबिनमध्ये चाकू चालत नाही हे मला माहीत होतं, माझ्या खिशाला नव्हतं. सोडायला आलेला मेहुणा अजून पार्किंगमध्ये होता म्हणून परत जाऊन त्याच्याकडे दिला.

तिकडे पाच दिवस चाकूविना. किती वेळा हात खिशाकडे गेला ते मोजलं, १४. त्यात खरी गरज सहा वेळा, बाकी नुसता चाळा.

१४ मे

पक्कडवाल्यावर गंज. स्कूटरच्या डिकीत महिनाभर होता, मध्ये एकदा किनाऱ्यावर नेला आणि धुतला नाही. पकडीच्या सांध्याभोवती तांबूस ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. घासल्यावर ठिपका गेला पण खाली खड्डा राहिला.

"न गंजणारं" हा शब्द डोंगरातल्या माणसांनी काढला असणार. पोलादात क्रोमियम असलं की वर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि तो गंज अडवतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड त्या पापुद्र्याला जागोजागी भोकं पाडतं, मग गंज पसरत नाही तर खोल जातो. धार टिकायला पोलादात कार्बन वाढवावा लागतो, आणि कार्बन आपल्या वाट्याचं क्रोमियम अडकवून ठेवतो. म्हणून चमचा गंजत नाही आणि त्याच डब्यातला चाकू गंजतो. लाल चाकू खिशात रोज पुसला जातो, म्हणून अजून स्वच्छ. कोयती तर साधं पोलाद. ती काळी पडते, अण्णा निसण्यावर घासतात, पुन्हा काळी पडते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

नवीन नियम: किनाऱ्यावरून आलं की आधी गोडं पाणी, मग माणसाचं जेवण.

८ जून

मृग लागला. काल रात्री पहिली सर जोरात आली आणि पडवीत पाणी.

ठरल्याप्रमाणे मोजणी बंद. एकूण ५८६ रेघा. स्क्रू पहिला, कात्री दुसरी, मोठं पातं तिसरं, चिमटा चौथा. पण चिमट्याच्या प्रत्येक रेघेला माणूस (एकदा वासरू) हायसं झालेलं आहे, म्हणून माझ्या हिशोबात तो पहिला. करवत सहा महिन्यांत चार वेळा. करवत नसलेला पातळ चाकू मिळाला असता तर बरं झालं असतं.

व्यवस्था अशी: लाल चाकू खिशात. पक्कडवाला तेलकट फडक्यात गुंडाळून डिकीत. पिशवी कामावर. कोयतीच्या जागेला कुणी हात लावलेला नाही. आज सकाळी वादळात पडलेली झावळ अण्णांनी तिनेच दोन घावांत तोडली, मी बाजूला उभा.

मात्र काकीच्या चष्म्याची दांडी निखळली तेव्हा त्याच अण्णांनी मला हाक मारली, "तुझो तो तांबडो हाड." हाड म्हणजे आण, परगावच्यांसाठी सांगतो.

१५ जून

दात कोरायची काडी हरवली, बहुतेक पेटीच्या दिवसापासूनच ती खाचेत सैल बसत होती. नवीन मागवायला आळस. झाडूचा एक हीर घेतला, लहान पात्याने तासून नेमका खाचेएवढा केला, टोक गोल केलं. असा बसला की कारखान्यातून आल्यासारखा.

१७ जून

दोन दिवसांच्या पावसात हीर फुगला. नखाला येत नाही. चिमट्याने धरून काढला, आता चुलीवर वाळत ठेवला आहे.